टिटवीचा समुद्र

मुंबईला शिकणारा पुतण्या सुट्टीत राहात्याला आला की त्याच्या मोबाईलमधले कुरव बघावेच लागतात. हिवाळ्यात एलिफंटाच्या लाँचमागे लागलेले, वरच्या वर गाठ्या झेलणारे. "काका, आपल्याकडे हे नाहीत ना!" म्हणतो. मे महिन्यात ते मुंबईतही नाहीत, हे मी बोलत नाही. तपकिरी डोक्याचे कुरव एव्हाना विणीसाठी लडाख-तिबेटच्या तळ्यांकडे गेलेले असतात.

तसं आमचं आणि समुद्राचं कधी जमलंच नाही. गोदावरी त्र्यंबकला उगवते. पश्चिमेचा समुद्र तिथून शंभर किलोमीटरही नाही, पण बाई त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. वाटेत नांदूर मधमेश्वरला बंधाऱ्यात अडते, आणि तिथून उजव्या पाटाने तिचं पाणी आमच्या तालुक्यात येतं.

आवर्तन आलं की गावाबाहेरचं तळं भरतं. मग ते उतरत जातं. पेरूच्या बागा ताणावर, पानं मलूल, सकाळी आठलाच उन्हाचा चटका; आणि तळ्याभोवती रोज वीतभर नवा किनारा. समुद्राला दिवसातून दोनदा भरती. आमची भरती कागदावरच्या तारखेला.

या ओल्या पट्ट्यावर कोण कोण उतरतं! लाल काड्यांवर तोल सांभाळणारे शेकाटे. दोन पावलं पळून थबकणारा कंठेरी चिखल्या. वर नदी सुरय. पिवळीधम्मक चोच, डोक्यावर काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. हवेत एका जागी फडफडतो, खाली बघतो आणि दगड पडावा तसा पाण्यात पडतो. पुतण्याने पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याचा मोबाईल खिशातच राहिला. मला बरं वाटलं.

पण मी तळ्यावर जातो तो टिटवीसाठी. तिचं घरटं म्हणजे काही नाहीच. मुरमात उथळ खळगा, त्यात चार अंडी, मातकट, काळ्या ठिपक्यांची. नजर हलली की पुन्हा सापडत नाहीत. ऊन तापलं की ती उठते, पाण्यात पोट बुडवून येते आणि ओली पिसं अंड्यांवर टेकवून बसते. टिटवी देखील समुद्र आटवते, ही म्हण ज्याने केली त्याला तिची चोच आठवली असेल; मला तिचं हे थबथबलेलं पोट आठवतं.

टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, असं आमच्याकडे म्हणतात. यंदाची पार खाली, काठालगत.

"म्हणजे पाऊस कमी?" पुतण्याने विचारलं.

"पावसाचं माहीत नाही. आवर्तन मात्र सोमवारी आहे."

त्याने टाचेने चिखलात एक रेघ ओढून ठेवली.

मंगळवारी उजाडता गेलो तेव्हा रेघ पाण्याखाली होती. डोक्यावर ओरडणारी टिटवी आम्ही बांधाआड बसल्यावर शांत झाली, खाली उतरली, अंड्यांशी गेली. ऊन चढल्यावर उठली, पाण्यात पोट बुडवलं आणि परत आली. पुतण्या तिची पावलं मोजत होता. शनिवारी वीस भरली होती.

"काका, आज सहाच."