ताबो, १९ जानेवारी

शिपकी खिंडीच्या बाजूने तिबेटचा मुलूख मागे टाकून आलेली सतलज आणि दोन्ही काठांवर गोठलेल्या पाण्याची किनार ल्यालेली स्पिती जिथे एकमेकींना भेटतात, त्या खाबच्या पुलावर आज सकाळी मी कितीतरी वेळ एकटाच उभा होतो. नाकोच्या पुढे मलिंगचा ढासळता कडा ओलांडताना मात्र थांबण्याचे धैर्य झाले नाही. सुमदोच्या नाक्यावरील जवानाने नोंदवहीत माझे नाव व गाडीचा क्रमांक लिहून घेतला आणि सोबत कोणी नाही हे कळताच कोळशावर उकळत असलेला चहा न विचारता पुढे केला. सरहद्दीच्या अंमलाचे इतके कोमल रूप मी अन्यत्र पाहिलेले नाही.

संध्याकाळी येथील मठात गेलो. इसवी सन ९९६ मध्ये केवळ मातीने उभारलेल्या, बाहेरून एखाद्या धान्याच्या कोठारासारख्या दिसणाऱ्या या वास्तूच्या अंधाऱ्या गर्भात, भिंतींना टेकून बसलेल्या मृण्मय देवतांसमोर, श्वासाची वाफ आवरून धरावी असेच वाटत राहिले. १९७५ साली याच तारखेला किन्नौरच्या भूकंपाने हा मठ हादरला, त्याची हानीही झाली. परंतु चित्रे आणि मूर्ती बव्हंशी वाचल्या. पाषाणाच्या लेण्यांचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हा मराठी माणसांनी मातीचे हे चिवट सामर्थ्य एकदा तरी येऊन पाहावे.

रात्री नळ गोठले. चुलीवर बर्फ वितळवून प्यायला पाणी केले.