दुसऱ्या व्हायोलिनची रांग

मी भाईंदरमध्ये मुलांना पेटी आणि गायन शिकवतो. सिंफनीचा वाद्यवृंद आपल्या मुलांच्या कामाचा नाही, असं मी पालकांना ठामपणे सांगत असे. समोर कागद, त्यावर दुसऱ्यानं लिहिलेले स्वर, पुढे छडी घेतलेला कंडक्टर. मुलानं स्वतःचं काही मांडायचं कुठे? आज माझं मत तसं राहिलेलं नाही.

डॉ. लुईस डायस यांनी २००९ मध्ये गोव्यात ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ सुरू केलं. ज्यांच्या घरी व्हायोलिन घेणं परवडणार नाही, अशी मुलं तिथे शिकतात. त्यांच्या नाताळच्या कार्यक्रमात माझं लक्ष दुसऱ्या व्हायोलिनवाल्यांकडे गेलं. मुख्य चाल बहुतेक वेळा पहिल्या व्हायोलिनकडे असते. ही मुलं मात्रा मोजत थांबत, शेजारच्याचं ऐकत आणि नेमक्या क्षणी सगळ्यांचे गज एकाच दिशेनं निघत.

आमच्या तालमीत मूल एकट्यानं वाढतं. दुसऱ्याच्या स्वराला आधार देताना आपला आवाज किती ठेवायचा, हे आमच्या मुलांना फार उशिरा कळतं. वाद्यवृंदात ते पहिल्या दिवसापासून शिकावं लागतं. उपज, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं गाणं, तिथे शिकता येणार नाही, हे माझं म्हणणं अजूनही कायम आहे. पण ऐकण्याची ही शिस्त गवयालाही हवीच.

हे संगीत परकं, हा आक्षेपही मी सोडला. हिंदी चित्रपटगीतांतल्या व्हायोलिनच्या रांगा मोठ्या प्रमाणात गोव्याच्या वादकांनी घडवल्या. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात मोठा वाद्यवृंद उभा केला, तेव्हा त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले होते.

मीरा-भाईंदरमध्ये आज लताबाईंच्या नावाचं नाट्यगृह आहे. उत्तन-डोंगरीच्या चर्चमध्ये एकत्र गाणारी मंडळी आहेत. नाताळच्या सुट्टीत त्या नाट्यगृहात आपल्या मुलांचा वाद्यवृंद वाजावा, असं मला मनापासून वाटतं. सुरुवात दहा-बारा मुलांनी झाली तरी पुरे. माझ्या वर्गातली मुलं मी स्वतः पाठवीन. सकाळचा रियाज मात्र त्यांनी सोडायचा नाही.