एकास चोवीस

माणसानं लहानपणी खेळण्यातल्या मोटारीशी खेळावं आणि मोठेपणी खऱ्या मोटारीचे हप्ते भरावेत, असा जगाचा रिवाज आहे. हा क्रम उलटा झाला की घरात काळजी सुरू होते. निवृत्तीनंतर मी पुठ्ठ्याचा ट्रक करायला बसलो, तेव्हा आमच्याकडे ती सुरू झाली. सौभाग्यवतींनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी मुलाला फोन गेला, "अरे, बाबा बाटल्यांची झाकणं जमवतायत!" मुलानं पलीकडून फक्त "कसल्या बाटल्यांची?" एवढंच विचारलं म्हणे.

वास्तविक मला ट्रक करायचा नव्हता, विकत घ्यायचा होता. माझे मामा कोल्हापूरचे. बावीस वर्षं त्यांनी गुळाचे रवे भरून कोल्हापूर-मुंबई ट्रक चालवला. टाटाची १२१०, पुढे लांब नाक असलेली. १९९६ साली ती भंगारात गेली. मामांच्या घरी लग्नाचे फोटो आहेत, म्हशीचासुद्धा एक आहे. गाडीचा एकही नाही. दारात रोज उभी असलेल्या वस्तूचा फोटो कोण काढतो? पंच्याऐंशी पूर्ण झाल्यावर ते एकदा सहज बोलून गेले, "गाडी एकदा बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं." म्हटलं, खरी नाही तर नाही, छोटी आणून देऊ. हल्ली बाजारात काय मिळत नाही?

सगळं मिळतं; मामांची गाडी सोडून. अमेरिकेचा पीटरबिल्ट मिळतो, स्वीडनचा स्कॅनिया मिळतो. इटलीची इटालेरी आणि जर्मनीची रेव्हेल या कंपन्या एकास चोवीस प्रमाणातल्या ट्रकचे सुटे भाग खोक्यात घालून विकतात. जोडणी आपण करायची. जपानची तामिया तर एकास चौदाचे, रिमोटवर चालणारे ट्रक करते. त्यातल्या एकाची किंमत ऐकून मी दुकानदाराला विचारलं, "हा चालवायला लायसन्स लागतं का हो?" त्यानं मग माझी ऐपत ओळखून मागे ओढून सोडला की पुढे पळणारा प्लॅस्टिकचा देशी ट्रक काढला. ट्रक झकास होता. पण मामा म्हणाले, "ही दुसऱ्याची हाय."

हा शेरा मला नंतर कळला. आपल्याकडे दोन ट्रक सारखे नसतच. टेल्कोनं १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक काढायला सुरुवात केली. पुढे १९६९ मध्ये नाकावरचा मर्सिडीजचा तारा जाऊन तिथे टाटांचा 'टी' आला. पण तारा असो की 'टी', कारखान्यातून बहुतेक गाड्या निघायच्या त्या अर्ध्याच. पुढे इंजिन, नाक आणि स्टिअरिंग. मागे नुसता सांगाडा. डोक्याला फडकं गुंडाळून आणि डोळ्यांना गॉगल लावून उघड्यावर बसलेले ड्रायव्हर असे सांगाडे ओळीनं नेताना तुम्हीही पाहिले असतील. केबिन आणि हौदा बांधायचा तो सुतार, लोहार आणि रंगाऱ्यानं. पंजाबातलं सरहिंद आणि तामिळनाडूतलं नामक्कल ही गावं या कामासाठी नावाजलेली. टपाची उंची, फाळक्याच्या कड्या, देवाची जागा, सगळं मालकाच्या मर्जीनं. म्हणजे मूळ ट्रकच जिथे हातानं केलेला, तिथे त्याचं मॉडेल दुकानात कुठून येणार? बॉडीवाल्यानं केलं तेच करायचं, फक्त चोवीस पटींनी लहान.

हे 'फक्त' फार महाग पडतं. १२१०चं चाक उंचीला जवळजवळ एक मीटर. त्याला चोवीसनं भागलं की बेचाळीस मिलिमीटर येतात. पुढे दोन, मागे जोडीनं चार आणि एक स्टेपनी, अशी बेचाळीस मिलिमीटरची सात झाकणं हवीत, तीही सारखी. म्हणून ती मोजणी चालली होती. शेवटी शेजारच्या काकूंच्या काढ्याच्या बाटल्यांनी प्रश्न सोडवला. त्यांचा खोकला बरा व्हावा असं मलाही वाटत होतं, पण सातव्या बाटलीनंतर. चासीसाठी लग्नपत्रिका वापरल्या. तेवढा जाड आणि फुकट पुठ्ठा दुसरा नाही. पाट्यांसाठी त्याच्याच पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. त्या ट्रकचा भार आज आमच्या नात्यातल्या अकरा जोडप्यांवर आहे.

खरी पंचाईत मापांची होती. फोटो नाही, कागद नाही. जे काही होतं ते मामांच्या अंगात. खुर्चीत बसून ते डोळे मिटायचे आणि हात पुढे करायचे.

"स्टिअरिंगपासून काच येवढी."

मी टेप लावायचो.

"आणि मामा, मागची फळी?"

"किन्नर झोपायचा तेवढी."

"किन्नर केवढा होता?"

"बारका होता."

बारक्याला चोवीसनं भागून मी फळी कापली.

गुळाच्या बाबतीत मात्र त्यांनी तडजोड केली नाही. "गूळ खराच पायजे." त्याप्रमाणे खऱ्या गुळाचे बारीक रवे करून हौद्यात रचले. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या, त्या एकास एक प्रमाणात. ट्रकच्या हिशेबानं एकेक मुंगी उंदराएवढी. मामा खूश झाले, "आमच्याबी गाडीत उंदरं हुती!"

गाडी रंगवून झाल्यावर त्यांनी ती हातात घेतली, फिरवली आणि म्हणाले, "डाव्या अंगाला बंपर चेपलेला हाय." मी म्हटलं, "मामा, कशाला? नवीनच दिसू दे की." ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "८३ च्या पावसात खंबाटकीत ब्रेक गेलं. डाव्या हाताला डोंगर होता, त्यात घातली. तो चेप नसता तर आज तुला मामा नसता."

हे आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं. मामींनाही नाही. त्या स्वयंपाकघराच्या दारात पदर हातात धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तवा तर म्हणाला हुता, टायर पंक्चर झाला म्हणून उशीर झाला."

वीतभर चेप, म्हणजे मॉडेलवर सुमारे सेंटिमीटरभर. अख्खा बंपर मी अर्ध्या तासात केला होता; त्या सेंटिमीटरला मला दोन दिवस लागले.

गाडी पुरी झाल्यावर मामींनी जागा केली ती टीव्हीशेजारच्या कपाटात. तोंड आमच्याकडे, नाक चकचकीत, मागे भिंत. मामांनी उठून, एका हातानं कपाट धरून, ती हळूच फिरवली आणि नाक दाराकडे केलं.

"मामा, असं केलं तर आपल्याला मागचा फाळकाच दिसणार."

"दिसू दे. रात्रीची गाडी लावायची ती तोंड रस्त्याकडं करून," मामा म्हणाले, "पहाटे निघताना घरच्यांची झोपमोड नको."