हरणांचे कुलूप

परीक्षेच्या वह्या तपासताना मास्तर मंडळी जरा कठोरच होतात. पण गेल्या वर्षी सहामाहीला एका निबंधाने मला पार विरघळवले. विषय नेहमीचाच, ‘मी प्राणिसंग्रहालयाचा रखवालदार झालो तर!’ सातवीतल्या त्या मुलाने लिहिले होते, ‘पहिल्याच रात्री मी सगळ्या हरणांची कुलपे काढीन.’ मी पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. कोंडलेले हरीण मला स्वतःलाच कधी पाहवले नाही.

पुढे दिवाळीच्या सुटीत मिलू नावाच्या चिनी हरणाची हकीकत वाचनात आली आणि मी चपापलो. गाईचे खूर, उंटाची मान, गाढवाचे शेपूट आणि शिंगे तेवढी हरणाची, असे हे ध्यान! रानातून ते केव्हाच नाहीसे झाले होते. बीजिंगजवळ बादशहाच्या शिकारीच्या राखीव बागेत, उंच भिंतीआड एक कळप उरला होता. 1865 साली आर्मां दाविद या फ्रेंच धर्मोपदेशकाने भिंतीवरून डोकावून तो पाहिला. त्यानंतर काही हरणे युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत गेली.

1895 साली पुराने ती भिंत फोडली. हरणे सुटली! पण बाहेर रान कुठे होते? भुकेने व्याकूळ झालेली माणसे होती. सुटलेली हरणे त्यांच्या चुलीवर गेली. मागे राहिली ती 1900 च्या लढाईच्या धामधुमीत संपली.

वाचली ती परदेशी कोंडलेलीच. इंग्लंडात बेडफर्डच्या ड्यूकने ठिकठिकाणची मिळून 18 हरणे आपल्या वोबर्नच्या बागेत एकत्र आणली. एकटेदुकटे हरीण म्हणजे नुसते प्रदर्शन. कळप जमला आणि पाडसे बागडू लागली. 1985 साली त्यांच्या वंशातली काही हरणे बीजिंगच्या त्याच जुन्या बागेत परतली. पुढच्या वर्षी आणखी काही दाफेंगच्या पाणथळ किनाऱ्यावर आली, आणि 1998 साली त्यांच्या कळपातली थोडी कुंपणाबाहेर मोकळी सोडण्यात आली.

सुटी संपल्यावर मी त्या मुलाला ही गोष्ट सांगितली. मनात आले, आता याचे गुण कापावेत काय? तो मान खाली घालून बराच वेळ उभा होता. मग हळूच म्हणाला, “गुरुजी, मग मी आधी रान शोधीन. कुलूप मागाहून काढीन.”

गुण मी तसेच ठेवले. त्या हरणांना रान सापडायला 103 वर्षे लागली, एवढे मात्र त्याला सांगून ठेवले.