हातभर दोरा

सुईत ओवायचा दोरा हातभर असावा. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत येईल तेवढाच. लांब दोरा घेतला की पुन्हा पुन्हा ओवायची कटकट वाचेल असं वाटतं, पण तो पीळ खातो, आपणच आपल्यात गुंततो आणि दर टाक्याला कापडातून घासून निघत असल्यामुळे शेवटची वीत-दीड वीत तर तुटायच्या बेताला आलेली असते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना हा नियम फार किरकोळ वाटतो. त्या रंगसंगती शिकायला आलेल्या असतात. मी मात्र आधी दोरा मोजून घ्यायला लावते, कारण माझ्या कामातलं बरंचसं शहाणपण त्यात आहे. हद्द आधी ठरली की हात मोकळा होतो.

मी मिरजेत राहते. गोधड्या शिवते, खणाचे कपडे करते आणि तानपुऱ्यांच्या गवसण्या, म्हणजे कापडी खोळी, बनवते. या तिसऱ्या कामाचं परगावच्या लोकांना नवल वाटतं, मिरजेत कुणाला वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिकलगारांचं हत्यारं घडवायचं काम मंदावलं, तसे त्यांचे हात तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांपासून ही परंपरा सांगतात. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि गाणाऱ्यांची, शिकणाऱ्यांची ये-जा वाढली. १९३७ साली ते गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची समाधी आहे आणि उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं. २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी झाली, सत्कार झाले, आणि दुसऱ्या दिवशी सतारमेकर गल्लीत नेहमीसारखं रंधा मारणं सुरू झालं.

तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या बाजूने येतो. तो शेतात वाढतो, त्यामुळे एकासारखा दुसरा नसतो. एकाची बैठक रुंद, दुसऱ्याचा खांदा उतरता. म्हणून गवसणीचा कागदी नमुना एकदा करून ठेवला आणि छापासारख्या गवसण्या काढल्या, असं होत नाही. भोपळ्याचा घेर तीन ठिकाणी मोजायचा, दांडीची लांबी वेगळी घ्यायची, खुंट्यांना जागा सोडायची. बाहेरून जाड कॅनव्हास, आतून मऊ फ्लॅनेल आणि मध्ये जुन्या सुती साडीचे दोन-तीन पदर घालून धावदोरा. फोम घातला तर काम झटपट होतं, गवसणी गुबगुबीतही दिसते. पण पावसाळ्यात फोम ओल धरून ठेवतो, आणि भोपळ्याला ओल सोसत नाही. सुती पदरांतून हवा खेळते. चेन लावली तर आतून कापडी पट्टी हवीच, नाहीतर लाखेच्या पॉलिशवर ओरखडे उठतात.

गवसणी पोचवायला गेले की गल्लीतले एक बुजुर्ग कारागीर, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, माझ्याकडे हटकून सुती दोरा मागतात. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोऱ्याचा एक तुकडा सरकवतात. त्याची जागा केसभर इकडेतिकडे झाली तरी तार मुकी होते. नेमकी साधली की जवारी खुलते आणि एका तारेतून सुरांचं मोहोळ उठतं. दोरा असतो बोटाच्या पेराएवढा. मी एकदा म्हटलं, ‘चाचा, अख्खं रीळच ठेवून जाते.’ ते म्हणाले, ‘रीळ ठेवून काय करू, बाई? माझं काम पेरभर दोऱ्याचं.’

आता गोधडी. तिच्याविषयी हल्ली फार हळवेपणाने बोललं जातं. मायेची ऊब, आजीचा स्पर्श वगैरे. मला तिच्यातला हिशोब जास्त आवडतो. नऊवारी लुगडं म्हणजे सत्तावीस फूट. त्याची चौपदरी घडी घातली की पावणेसात फुटांची लांबी मिळते, म्हणजे उंच माणसाच्याही डोक्यावरून घेऊन पायाखाली खोचता येईल एवढी. पन्हा साधारण पावणेचार फुटांचा, एका माणसाला पुरेसा. म्हणजे एक लुगडं, चार पदर, एक पांघरूण. कात्री लावायचीसुद्धा गरज नाही. सहावारी आली आणि हा हिशोब बिघडला. साडेपाच मीटरच्या साडीचे तीन पदर केले तर लांबी जेमतेम सहा फूट, जाडी कमी. मग मध्ये चादर घाला नाहीतर दुसरी साडी शोधा. पुढे नायलॉन, जॉर्जेट, पॉलिएस्टर आलं. हे पदर एकमेकांवरून सरकतात, घाम शोषत नाहीत आणि वापरून वापरून सुती कापड जसं मऊ पडतं तसं हे पडत नाही. गोधडी मागे पडली त्याचं खापर ब्लँकेटवर फोडतात. माझ्या मते खरं कारण कपाटातल्या साड्या बदलल्या हे आहे. कच्चा मालच आटला.

गोधडी घालताना पदर जमिनीवर पसरून कोपऱ्यांवर वजनं ठेवायची, सुरकुत्या हाताने काढायच्या आणि आधी लांब कच्चे टाके घालून सगळे पदर एकमेकांना बांधून घ्यायचे. मग मी कडेने सुरुवात करते आणि चौकटीत चौकट करत मध्याकडे येते. यात एक मेख आहे. कापडाचा सगळा झोळ सुईपुढे ढकलला जाऊन मधोमध गोळा होतो. म्हणून दर फेरीला तळहाताने तो मारून पसरवावा लागतो. इरकल वापरली तर आणखी एक काळजी. तिचा पदर वेगळ्या ताण्याचा, अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. तो सांधा मी कधी कडेला येऊ देत नाही. तिथे ओढ जास्त बसते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडी तुकड्यांची फुलं लावतात. त्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. काम कुठे संपलं हे ठरवून ठेवायची ही देखणी रीत आहे.

दिवसभर हात चालतात तेव्हा कान रिकामे असतात. माझ्या खोलीत सतत काहीतरी वाजत असतं, पण वाटेल ते नाही. कापड बेतताना आणि कात्री चालवताना पूर्ण शांतता. आकडे डोक्यात धरायचे असतात आणि गाण्याच्या समेवर कात्री पुढे जाते. कच्च्या टाक्यांना ठेक्याचं गाणं चालतं, भजन चालतं, लावणी चालते. शिलाई मशीनवर बारीक कामाचं गाणं लावणं म्हणजे गायकाचा अपमान. टकटकीखाली आलाप ऐकूच येत नाही. तिथे नाट्यगीत लावावं, त्याचा आवाज मशीनला पुरून उरतो. उसवण्याच्या कामाला सांगली आकाशवाणीवरच्या गप्पा आणि बातम्या उत्तम. आणि धावदोऱ्याला विलंबित ख्याल.

हे शेवटचं नातं मला फार जवळचं. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. तेवढ्यात चौपदरी कापडावर वीतभर धावदोरा सहज होतो. तबल्याकडे लक्ष न देताही हात त्या चालीने पडू लागतो, टाके सारखे येतात. द्रुत सुरू झालं की टाके लांबतात, म्हणून तेव्हा मी सुई खोचून ठेवते आणि नुसती ऐकते.

आमच्याकडे कॅसेटचा जमाना होता तेव्हा साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपायची. बटण खट्‌कन वर यायचं. बाजू उलटायला उठावं लागे. त्या निमित्ताने कंबर सरळ व्हायची, डोळे सुईवरून उठून खिडकीबाहेर जायचे, पाणी प्यायलं जायचं. फोनवर गाणं संपतच नाही. एकाला लागून दुसरं येतं आणि आपण ताठरलेली मान घेऊन तासन्‌तास बसून राहतो. शिवणकाम करणाऱ्या मुलींना होणाऱ्या मानदुखीचा हा एक भाग आहे अशी माझी पक्की समजूत आहे. म्हणून मी आजही एक मैफल निवडून लावते आणि ती संपली की उठते. जात्यावरच्या ओव्यांना ही सोय आपसूक होती. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. त्यांत दळण संपवतानाच्या ओव्याही आहेत. धान्य सरलं की गाणं सरायचं. आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या घ्या. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मिळायची, तेवढ्यात राग उभा करायचा. त्या ऐकताना कुणाला काही अपुरं वाटत नाही.

कपड्यांच्या फॅशनचंही असंच. बालगंधर्वांनी रंगभूमीवर पहिलं पाऊल मिरजेतच टाकलं, शकुंतलेच्या भूमिकेत. पुढे त्यांचं नेसणं, त्यांचा अंबाडा, त्यांचे दागिने पाहायला बायका जात आणि घरी तसं नेसून बघत. गाणं आणि फॅशन एकाच तिकिटात मिळायची. पण त्या सगळ्या नवेपणाला जागा किती होती? कापड तेच, नऊ वार. बदल फक्त निऱ्यांत, पदर कुठून घ्यायचा त्यात, काठ किती दिसू द्यायचा त्यात.

खणाला गेल्या काही वर्षांत बरे दिवस आलेत. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा हा माल पूर्वी चोळीसाठीच विणला जाई, म्हणून पन्हा अरुंद आणि दोन्ही कडांना काठ. आता रुंद पन्ह्याच्या खणाच्या साड्या, ओढण्या, यंत्रमागावरचं स्वस्त कापड सगळं मिळतं. त्याला माझी ना नाही. पण हातमागाचा अरुंद खण घेऊन कुर्ता बेतायला बसलं की डोकं चालवावं लागतं. सरळ कापून भागत नाही. कळ्या जोडाव्या लागतात आणि मग काठ अंगावरून उभा उतरतो. बाहीला काठ वाया जाऊ द्यायचा नाही, म्हणून बाही आडवी बेतायची. कळीदार कुर्त्याचा घेर आणि उभ्या काठांमुळे दिसणारी उंची, दोन्ही त्या अपुऱ्या पन्ह्याने दिलेल्या गोष्टी आहेत. शिवणीत माया भरपूर ठेवावी, हे सांगायला नकोच. अंग बदलतं, कपडा टिकायचा असतो.

उरलेलं घरात जातं. नवरात्रापूर्वी दसरा काढताना घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात; तीच माझी घराची पाहणी. कुठली गोधडी विरली, कुठला पडदा उन्हाने गेला हे तेव्हा कळतं. विरलेल्या गोधडीवर नवा पदर चढवून ती पुन्हा शिवता येते. आतली जुनी तशीच राहते. उन्हाने गेलेला पडदा कडेला मजबूत असतो, त्याच्या पिशव्या होतात. खणाच्या चिंध्यांचे बटवे, ताटावरचे रुमाल, तोरण. अगदीच लहान तुकडे उशीत. शेवटी पायपुसणं, आणि त्यानंतर मात्र खरंच केर.

आजच्या हौशी कारागिराची अडचण टंचाईची नाही. बोट फिरवलं की घरी कापड येतं, शंभर रंगांचे दोरे येतात, करून दाखवणारे व्हिडिओ तर न संपणारे. माझ्या वर्गातल्या मुलींच्या घरी न शिवलेल्या कापडाचे गठ्ठे आहेत आणि अर्धवट कामांच्या पिशव्या आहेत. त्या आळशी मुळीच नाहीत. त्यांना कुठे थांबायचं हे सांगणारं काही उरलेलं नाही. कापड संपत नाही, गाणं संपत नाही, म्हणून कामही संपत नाही.

तेव्हा या दिवाळीत कुणाला सुरुवात करायचीच असेल तर मोठी गोधडी घेऊ नका. दुपटं करा. घरातलं जुनं धोतर किंवा मऊ सुती साडी, तीन फूट बाय तीन फूट, तीन पदर, एकाच रंगाचा दोरा. नवं काही विकत आणायचं नाही, ही अट. गाणं एकच लावा, मोठं. ते संपलं की त्या दिवसाचं काम बंद. नात्यात, शेजारात कुठेतरी बाळ येणार असेलच, आणि बाळ तुमच्या सवडीसाठी थांबत नाही. त्याच्या बारशाची तारीख हीच तुमची मुदत. टाके वाकडे आले तरी दुपटं त्या दिवशी गेलंच पाहिजे. पुढची गोधडी किती मोठी घालायची ते त्यानंतर ठरवा.