एक जोडी कमी असलेला बोरॉन

अबू धाबी आणि दुबईच्या मधल्या किनाऱ्यावर, तवीलात, आखाताचं पाणी गोडं होतं. दिवसाला सुमारे नव्वद कोटी लिटर. प्रचंड दाबाने खारं पाणी पातळ पडद्यांवर ढकललं जातं. सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम अलीकडेच अडतात. बोरॉन मात्र पाण्याच्या रेणूंच्या सोबतीने काही अंशी पलीकडे जातो.

कारण समुद्रात तो मुख्यतः बोरिक आम्लाच्या रूपात राहतो: लहानसा रेणू, अंगावर विद्युतभार नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात तो साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास असतो. आखात अधिक खारं, म्हणून इथे थोडा जास्तच. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये २.४ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. लिंबू-संत्र्याची झाडं माणसाहून हळवी, त्यांना त्याच्या निम्म्यानेही त्रास होतो. पाणी उकळून वाफ थंड करणाऱ्या जुन्या प्रकल्पांना हा प्रश्न फारसा पडला नाही, तिथे तो मागच्या खाऱ्या पाण्यातच राहायचा.

आपल्या घरांना तो नवखा नाही. खोकल्यावर मधातून दिलेली टाकणखाराची लाही, कॅरमवरची बोरिक पावडर, सोनाराच्या मुशीतला टाकणखार, सगळीकडे तोच.

स्वभावाने तो कायम एका जोडीचा भुकेला. कार्बनचा सख्खा शेजारी, पण जोडण्यासाठी इलेक्ट्रॉन तीनच. तिघांशी बंध बांधले तरी भोवती सहाच जमतात. आठ व्हायला दोन कमी. आम्ल म्हणवूनही तो स्वतःचा हायड्रोजन सोडत नाही, उलट पाण्यातला हायड्रॉक्साइड ओढून घेतो. त्याच भुकेवर त्याला पकडतात. पडद्यातून निघालेल्या पाण्यात कॉस्टिक सोडा घातला की हायड्रॉक्साइड मुबलक होतो, बोरॉनची जोडी पुरी होते, अंगावर ऋणभार येतो आणि दुसऱ्या फेरीत पडदा त्याला अडवतो.

प्रयोगशाळेत याच भुकेने रसायनशास्त्राला एक अख्खी शाखा दिली. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात हर्बर्ट ब्राउन यांच्याकडे बी. सी. सुब्बा राव बोरॉनच्या हायड्राइडने होणारं एस्टरांचं क्षपण मोजत होते. एथिल ओलिएटने हिशेबापेक्षा जास्त हायड्राइड संपवलं. नमुना अशुद्ध असेल असं म्हणून ते पुढे जाऊ शकले असते. त्यांनी नमुना शुद्ध करून पुन्हा मोजला, आकडा तसाच. ओलिएटमधला कार्बन-कार्बन दुहेरी बंध बोरॉनला आपले इलेक्ट्रॉन देत होता. १९५६ मध्ये दोघांच्या नावाने हे प्रसिद्ध झालं. ब्राउन यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं. सुब्बा राव पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले, आणि त्या शहराने हे नाव अभिमानाने सांगावं असं मला मनापासून वाटतं. एका न जुळणाऱ्या आकड्याला त्यांनी दिलेला मान हीच त्या शोधाची जन्मकथा आहे.

१९८३ मध्ये ब्राउन यांच्यासोबत प्रभाकर जाधव यांनी पाइनच्या झाडातल्या पाइनिनपासून असं बोरॉन-संयुग केलं, की अल्डिहाइडशी जोडताना डावा-उजवा रेणू हवा तसा निवडता यावा. इथेही अल्डिहाइडचा ऑक्सिजन आपली जोडी बोरॉनच्या रिकाम्या जागी टेकवतो, मगच पुढचं घडतं. जपानमध्ये सुझुकी आणि मियाउरा यांच्या जोडणीत तर अल्कली लागतेच: हायड्रॉक्साइड मिळाल्यावर बोरॉन आपल्याकडचा कार्बन पॅलेडियमच्या हाती सोपवतो. आज असंख्य औषधांचे रेणू या वाटेने बनतात. बॉर्टेझोमिब या कर्करोगावरच्या औषधात बोरॉन स्वतःच बसला आहे. पेशीतली प्रथिनं तोडणाऱ्या प्रोटिएझोमच्या एका हायड्रॉक्सिलला धरून त्याचं काम थांबवतो.

गोड्या पाण्यासाठीही हायड्रॉक्सिलचा असाच वापर होतो. काही प्रकल्पांत ग्लुकोजपासून केलेल्या मिथिलग्लुकामिनची राळ स्तंभांत भरतात. तिच्या शेजारशेजारच्या हायड्रॉक्सिलांना बोरॉन घट्ट बिलगतो, बाकीचे क्षार पुढे वाहून जातात. राळ भरली की आम्लाने धुतात, बोरॉन सुटतो, अल्कलीने राळ पुन्हा तयार होते आणि स्तंभ परत कामाला लागतो.