वाळूत कोण राहतं?

आमच्या जामसांवलीत वाळू म्हणजे नदीची. पाण्याच्या कडेने पसरलेली, पावसाळ्यात वाहून जाणारी. बाकी सगळी काळी माती, कापूस आणि संत्र्याचे बगीचे. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात जैसलमेरला जायचे ठरले तेव्हा आमच्या सात वर्षांच्या लेकीने पहिला प्रश्न विचारला, "बाबा, नुसत्या वाळूत कोण राहतं?"

जोधपूरमार्गे आम्ही जैसलमेरला पोचलो. बहुतेक पर्यटक तिथून चाळीसेक किलोमीटरवरच्या समला जातात. संध्याकाळी तिथे उंट, जीपगाड्या, गाणी आणि चहाच्या टपऱ्या यांची जत्राच भरते. आम्ही खुरी या गावी मुक्काम केला. तिथल्या टेकड्या त्या मानाने शांत. उजाडता उजाडता टेकडीवर चढलो, की रात्रभरात कोण कोण येऊन गेले ते वाळूवर उमटलेले असते. काळ्या भुंगेऱ्याची टाके घातल्यासारखी बारीक नक्षी, उंदरांच्या उड्या, आणि एका रेषेत गेलेली खोकडाची पावले. लेक त्या पावलांमागे झुडपापर्यंत गेली. तिथे बीळ होते. तिच्या प्रश्नाचे पहिले उत्तर तिचे तिलाच सापडले.

टेकडी एका जागी बसून राहत नाही. वारा येतो ती बाजू लांब आणि सौम्य उताराची असते. दाणे उड्या मारत माथ्यावर चढतात आणि पलीकडे घरंगळतात. ती पलीकडची बाजू साधारण ३४ अंशांपेक्षा उभी झाली, की वाळू आपोआप खाली येते. अशी टेकडी वर्षानुवर्षे पुढे सरकते. जिवांनीही स्वतःला तसेच घडवले आहे. १९७१ च्या लढाईमुळे लोंगेवाला हे नाव आपल्याला माहीत आहे. त्याच गावाचे नाव असलेला एक छोटा सरडा इथल्या वाळूत राहतो. धोका दिसला की अंग डावीउजवीकडे हलवत तो क्षणात वाळूत बुडतो. कडक जमिनीत सांडा राहतो. जत्रेत रस्त्याच्या कडेला 'सांड्याचे तेल' विकणारे आपण पाहिलेले आहेत. ते तेल याच निरुपद्रवी, गवत-पाला खाणाऱ्या प्राण्याला मारून काढतात.

दुसऱ्या दिवशी वनखात्याचा परवाना काढून सुदासरीला गेलो. हा भाग १९८० साली संरक्षित झालेल्या मरू राष्ट्रीय उद्यानात येतो. उद्यानाचा विस्तार ३,१६२ चौरस किलोमीटर, पण त्यातला बराच भाग वाळूच्या टेकड्यांचा नाही. सपाट, खडकाळ जमीन आणि सेवण गवत. अधूनमधून खेजडीची झाडे. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती. याच झाडांसाठी १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवींसह ३६३ बिष्णोईंनी प्राण दिले, असे तिथे सांगतात.

चिंकारा दिसले, गिधाडे दिसली. मग गाडी चालवणाऱ्या काकांनी गाडी थांबवली आणि फक्त बोट दाखवले. दूर गवताच्या वर एक पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. माळढोक! तो चार पावले चालला, थांबला, पुन्हा चालला. दुर्बीण आम्ही तिघांनी आळीपाळीने घेतली. कोणी बोलले नाही.

राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, तो त्यांचा राज्यपक्षी. पण 'माळढोक' हे मराठी नाव सांगते की हा आपल्याही माळांचा पक्षी. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले. विदर्भात वरोरा-भद्रावतीकडे तो होता. आमच्या मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातल्या करेऱ्याला १९८१ मध्ये अभयारण्य झाले, पण पुढे तिथला पक्षीच संपला. १९६९ च्या सुमारास देशात साडेबाराशेच्या वर माळढोक असल्याचा अंदाज होता. आज दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत.

शिकार झाली, हे खरे. पण माळ नांगरले गेले, त्यांवर झाडे लावली गेली, वस्त्या आल्या, कारण कागदोपत्री ती 'पडीक' जमीन होती. आता वाळवंटातही तेच घडते आहे. ऊन-वारा भरपूर, म्हणून पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प आले, आणि त्यांच्यासोबत विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही. दहा-पंधरा किलोचे अंग पटकन वळवताही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. स्वच्छ वीज तर आपल्याला हवीच आहे. माझे पोट ज्या सर्व्हरवर चालते, तोही विजेवरच चालतो. पण तारा कुठून न्यायच्या हे ठरवताना खाली कोण राहते, ते आधी पाहावे लागेल.

आशाही आहे. समच्या प्रजनन केंद्रात २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढवली जातात, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. पण ती मोठी झाल्यावर सोडायची कुठे? त्यासाठी मोकळा माळ शिल्लक हवा.

मुलांना घेऊन जरूर जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पहाटे गरम कपडे लागतात. दुर्बीण न्या, जीप टेकड्यांवर घालू देऊ नका, पक्षी दिसला तर फोटोसाठी जवळ जाऊ नका. आणि घरी परतल्यावर गावाबाहेरच्या माळाला कोणी 'तिथे काही नाही' म्हणाले, तर मुलांना एकदा पहाटे तिथेही घेऊन जा.